गाडी झटके देते, रेस वर-खाली होते: गॅरेजला नेण्याआधी स्वतः करायची तपासणी

“गाडी जर्क मारतेय, बघा जरा” एवढंच सांगून चावी गॅरेजमध्ये दिली की मेकॅनिकलाही अंदाजानेच सुरुवात करावी लागते. प्लग बदलून बघू, थ्रॉटल बॉडी साफ करू, इंजेक्टर क्लीनिंग करू. यातलं एखादं काम लागू पडतंही. नाही पडलं तर दोन-चार हजार जातात आणि झटका तिथल्या तिथे राहतो. खराब प्लग, घासलेली क्लच प्लेट, पेट्रोलमधलं पाणी, इंजिनाचं फाटलेलं माउंटिंग, या सगळ्यांचा झटका सीटवर बसलेल्या माणसाला साधारण सारखाच जाणवतो. तरीही ही कारणं एकमेकांपासून वेगळी काढता येतात. त्यासाठी पाना हातात घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं: झटका नेमका कधी येतो?

गाडी नवीन घेतलेल्या किंवा नुकत्या चालवायला शिकलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे. भर पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर आहे, कारण आपल्याकडे घरगुती वापरात त्याच जास्त आहेत. डिझेलचं शेवटी थोडक्यात.

आधी दोन धोक्याच्या खुणा

मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. त्याला सगळे चेक लाइट म्हणतात. तो सलग पेटलेला असेल तर एक-दोन दिवसांत स्कॅन (यंत्र लावून गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणं) करून घेतलं तरी चालतं. तो लुकलुकत असेल आणि त्याच वेळी गाडी झटके देत असेल, तर मात्र पुढे चालवू नका. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, असा त्याचा अर्थ. ते पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर भयंकर तापतो आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. काही हजारांच्या कॉइलपायी (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) कित्येक पट महागडा भाग गमवायचा नसेल तर गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या.

दुसरी खूण म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी रेस वाढतच जाणं. अशा वेळी ब्रेक एकदाच जोरात दाबा आणि दाबूनच धरा. दाबा-सोडा, दाबा-सोडा करू नका. थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) उघडं असताना इंजिन पुरेसा व्हॅक्यूम (हवा ओढून तयार होणारी पोकळी) तयार करत नाही आणि पायाची ताकद वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपतो. लगेच गाडी न्यूट्रल करा. इंजिन मोठ्याने ओरडेल, ओरडू द्या. चालत्या गाडीत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. गाडी कडेला पूर्ण थांबल्यावर इंजिन बंद करा आणि पहिल्यांदा पायाखालचा मॅट बघा. मूळ मॅटवर दुसरा जाड मॅट टाकलेला असतो, तो सरकून पेडलखाली किंवा पेडलवर अडकतो. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण जीव घेणारं कारण आहे.

आठवडाभर नोंद ठेवा

फोनमध्ये एक नोट उघडा आणि झटका आला की गाडी थांबल्यावर चार ओळी लिहा. इंजिन गार होतं की तापलेलं? वेग किती, गिअर कुठला, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा कुठे होता? पाय कुठल्या पेडलवर होता: ॲक्सिलरेटर दाबताना, सोडताना, की ब्रेक लावताना? एसी चालू होता का? टाकीत पेट्रोल किती होतं आणि शेवटचं कुठे, कधी भरलं? पाऊस पडत होता का, गाडी नुकती धुतली होती का? सीएनजी असेल तर त्या क्षणी गाडी गॅसवर होती की पेट्रोलवर?

आठवड्याभरात या नोंदीतून एक ठसा उमटतो. “सकाळी गार इंजिनवर काही नाही, तापल्यावर सिग्नलला थांबताना आरपीएम ५०० पर्यंत पडतो आणि एसी असेल तर गाडी बंदच पडते” हे वाक्य ऐकलं की चांगला मेकॅनिक अर्ध्याहून अधिक शक्यता तिथल्या तिथे बाद करतो.

नव्या ड्रायव्हरने नोंद करताना गिअरकडे प्रामाणिकपणे बघावं. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी ताशी २० वर आणून तिथूनच ॲक्सिलरेटर दाबला, तर धडधाकट गाडीही धडधडते, कुरकुरते, झटके देते. हा बिघाड नसतो. एक गिअर खाली टाका. खालच्या गिअरमध्ये, १८०० ते २००० आरपीएमवर, त्याच रस्त्याला झटका येत नसेल, तर खर्च शून्य. तीन सिलिंडरच्या छोट्या गाड्यांत उभ्या-उभ्या थोडी थरथर असतेच, तीही दुरुस्त करण्याजोगी गोष्ट नाही.

झटका इंजिनाचा, क्लच-गिअरचा की ब्रेकचा?

हे ठरवायला मोकळा रस्ता आणि दहा मिनिटं पुरतात. सोबत कुणाला तरी घ्या, म्हणजे ते काट्याकडे बघतील आणि तुम्ही रस्त्याकडे.

गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. इंजिन तापल्यावर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत २५०० आरपीएमपर्यंत न्या आणि तिथे धरा. काटा स्थिर राहतो का? आवाज एकसारखा येतो का, की मध्येच ‘फट्’ करून एक ठोका चुकतो? इथेच मिसिंग जाणवलं तर दोष इंजिनाचा आणि क्लचकडे बघायची गरज नाही. उभ्या गाडीत सगळं ठीक आणि रस्त्यावर भार आला की झटके, असं असेल तर इग्निशन किंवा इंधनाचा पुरवठा यांवर संशय ठेवा. कमकुवत प्लग बिनभाराचं इंजिन चालवून नेतो, चढावर मात्र उघडा पडतो.

आता सपाट रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला क्लच दाबा. थरथर थांबली तर ती इंजिनाकडून किंवा क्लचकडून येते आहे. क्लच दाबूनही तशीच राहिली तर चाकं, टायरचं बॅलन्सिंग किंवा ब्रेक यांच्याकडे जा.

फक्त ब्रेक लावल्यावर, तेही ताशी ७०-८० वरून, स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरत असेल आणि पेडलही पायाला ठोके देत असेल, तर पुढच्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात उतरताना गिअरचा आधार न घेता ब्रेकवरच गाडी आणली की डिस्क तापतात, पॅडचं मटेरियल त्यांच्यावर असमान चिकटतं आणि थरथर सुरू होते. गॅरेजमध्ये डायल गेज लावून डिस्क मोजता येते. मर्यादेत असेल तर घासून, नाहीतर बदलून काम होतं. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल भरभर धडधडतं, ते एबीएसचं (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम आहे. त्याला दोष समजू नका आणि घाबरून पायही काढू नका.

ब्रेक दाबला की रेस बदलते

नव्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारं लक्षण हेच. ब्रेकचा आणि इंजिनाचा संबंध काय, असं वाटतं. पेट्रोल गाडीत तो थेट असतो. पेडलमागे, बॉनेटच्या आत ड्रायव्हरच्या बाजूला, थाळीसारखा काळा गोल डबा दिसतो. तो ब्रेक बूस्टर. त्याला एक जाड रबरी पाइप इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डकडून (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांकडून) येतो. इंजिन हवा ओढताना जो व्हॅक्यूम तयार होतो, त्याच्या जोरावर बूस्टर तुमच्या पायाची ताकद वाढवतो. आता बूस्टरच्या आतला रबरी पडदा फाटला, तर ब्रेक दाबताच बाहेरची हवा त्या पाइपातून थेट इंजिनात शिरते. ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) न मागितलेली ही हवा. तिने इंजिन एकदम अडखळतं, नाहीतर रेस आपोआप चढते.

याची तपासणी फुकट आहे आणि कुणालाही जमते.

इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबा. साठलेला व्हॅक्यूम संपला की पेडल दगडासारखं कडक होतं. त्याच स्थितीत पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर चांगला असेल तर सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली जातं. ते बोट-दीड बोट खाली जाणं पायाला स्पष्ट कळतं. काहीच हाललं नाही तर व्हॅक्यूम बूस्टरपर्यंत पोचत नाही किंवा तिथे टिकत नाही.

पुढे, इंजिन मिनिटभर चालू ठेवून बंद करा आणि पेडल सावकाश दोन-तीनदा दाबा. पहिल्यांदा ते खोल जायला हवं आणि दर वेळी थोडं वर थांबायला हवं. पहिल्याच दाबाला कडक लागलं तर पाइपावरचा एकेरी व्हॉल्व्ह किंवा पाइप गळतो आहे.

शेवटी इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि ३० सेकंद थांबा. पेडलची उंची बदलता कामा नये. पेडल पायाला वर ढकलत आलं तर व्हॅक्यूम निसटतो आहे. हे करताना काचा बंद आणि पंखा बंद ठेवा. पेडलच्या मुळाशी ‘स्सस्’ असा सतत आवाज आला तर पडदा फाटल्याची ती जवळजवळ खात्रीच. बूस्टरचा दोष सापडला तर दुरुस्ती पुढे ढकलायची नाही, कारण प्रश्न झटक्यापुरता राहत नाही, गाडी थांबण्याचा होतो.

बूस्टर ठीक निघाला, आणि गाडी थांबता थांबता आरपीएम खोल पडून सावरतो किंवा गाडी बंद पडते, तर थ्रॉटल बॉडी बघा. थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेवरची गोल पितळी किंवा ॲल्युमिनियमची झडप. तिच्या कडेला काळा चिकट कार्बन साचतो. पाय काढल्यावर झडप जवळजवळ मिटते आणि कडेच्या बारीक फटीतून इंजिन श्वास घेतं. तीच फट कार्बनने बुजलेली असते. सफाई सोपी आहे: थ्रॉटल बॉडी क्लीनर, मऊ कापड, इंजिन बंद. मात्र झडप इलेक्ट्रॉनिक असेल तर ती बोटाने ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे दाते तुटतात. सफाईनंतर आयडलिंग (ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाची रेस) काही काळ चढं राहू शकतं, कारण ईसीयूला जुन्या बुजलेल्या फटीची सवय झालेली असते. काही गाड्यांत स्कॅनरने ती शिकवण पुन्हा द्यावी लागते.

टाकी जवळजवळ रिकामी असतानाच ब्रेक लावल्यावर किंवा वळणावर इंजिन अडखळत असेल, तर पेट्रोल टाकीत एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. इलेक्ट्रिक पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, म्हणून पाव टाकीच्या खाली गाडी नेहमी चालवणं तसंही वाईट.

ॲक्सिलरेटर दाबला की झटके

इथे कारणांची गर्दी आहे. स्वस्त आणि सोप्यापासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि पेट्रोल एकाच दिवशी बदलून गाडी बरी झाली, तर बरी कशाने झाली हे कधीच कळत नाही, आणि दुखणं परतलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

सीएनजी गाडी असेल तर तुमच्या हातात एक आयतं साधन आहे: गॅस-पेट्रोलचं बटण. ज्या चढावर, ज्या गिअरमध्ये झटका येतो तिथे एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर जा. फक्त पेट्रोलवर झटके असतील तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा खुद्द पेट्रोल. दोन्हींवर असतील तर हवा किंवा ठिणगी. फक्त गॅसवर असतील तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचे इंजेक्टर; पण इथे घाई करू नका. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे म्हातारे झालेले प्लग आणि कॉइल आधी गॅसवर बोलतात, पेट्रोलवर कित्येक दिवस गप्प राहतात. गॅस किटवर हात टाकण्याआधी प्लग काढून बघा, असं माझं ठाम मत आहे. किटची खोलाखोल मात्र घरी अजिबात करायची नाही. सिलिंडरमधला दाब २०० बारच्या आसपास असतो, ते अधिकृत केंद्राचंच काम.

प्लग गार इंजिनवरच काढायचे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना आटे खराब होतात. प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. साधे निकेलचे प्लग गाडीच्या पुस्तिकेतल्या अंतराला बदलावेत, इरिडियमचे त्याहून खूप जास्त टिकतात. इरिडियमची गॅप हाताने कमी-जास्त करायला जाऊ नका, टोक बारीक तारेसारखं असतं आणि मोडतं. बसवताना आधी बोटांनी आटे लावून घ्या आणि मगच पाना.

आता कॉइल. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, आणि ती तपासायची युक्ती फार सुरेख आहे, एक पैसा लागत नाही. समजा स्कॅनरने पी०३०२ हा कोड दाखवला. शेवटचा २ म्हणजे दुसरा सिलिंडर. इंजिन बंद करा, गार होऊ द्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉइलवर खडूने खूण करा. कनेक्टरची लॉकची जीभ दाबून तो सोडवा (वायर धरून ओढू नका), वरचा एक बोल्ट काढा आणि कॉइल किंचित फिरवत सरळ वर खेचा. खालचं रबरी नळकांडं नीट निरखा. त्यावर केसासारखी पांढरी किंवा करडी रेघ उमटलेली असेल तर ठिणगी तिथून बाजूला पळते आहे. प्लगच्या खोल खड्ड्यात टॉर्च मारा: पाणी असेल तर इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं गेलंय किंवा पावसाचं झिरपलंय, ऑइल असेल तर हेड कव्हरचं पॅकिंग गळतंय. मग दोन्ही कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा आणि गाडी त्याच चढावर न्या. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बाद. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अशीच अदलाबदल करा. तरीही कोड हलला नाही तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब). एवढं करून गेलात तर गॅरेजमध्ये तीन-चार कॉइलचा सेट विकत घ्यायची वेळ येत नाही, एकच घ्यावी लागते.

वायरिंगही बघून घ्या. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. कोपऱ्यात लेंड्या किंवा कापसासारखा चुरा दिसला तर इंजेक्टर-कॉइलच्या वायरी बोटाने चाचपून बघा.

पेट्रोल भरल्यानंतर ५-१० किलोमीटरांत झटके सुरू झाले असतील तर संशय पेट्रोलवर घ्या. आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं आणि प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. गाडीचा पंपही टाकीच्या तळातूनच ओढतो. गॅरेजमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा; दोन थर दिसले तर निदान झालं. बिल जपून ठेवा, तक्रारीला तेच लागतं. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची तपासणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे, जरूर मागा. फिल्टर पेपरवर डाग राहिला तर भेसळ कळते, पाणी मात्र त्यातून कळेलच असं नाही.

घाट चढताना गाडी उचल घेत नाही, मागून कुणी ओढून धरल्यासारखी वाटते, आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडला की पुन्हा पळते: हा पेट्रोलचा दाब कमी पडल्याचा नमुना आहे. पंप थकलेला किंवा फिल्टर तुंबलेला. दाब गेज लावूनच मोजायचा असतो, गॅरेजमध्ये तेवढंच करून मागा. आणि ॲक्सिलरेटरच्या एका ठरावीक जागेवरच, दर वेळी तिथेच, झटका येत असेल तर पेडलचा किंवा थ्रॉटलचा पोझिशन सेन्सर घासलेला असतो.

उभ्या गाडीत काटा झोपाळ्यासारखा हलतो

तापलेल्या इंजिनाचं आयडलिंग साधारण ७०० ते ९०० आरपीएम असतं, एसीचा कॉम्प्रेसर लागला की ईसीयू ते थोडं वाढवतो. काटा ९०० वरून १६०० वर जातो, पडतो, पुन्हा चढतो, असं चालू असेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. हे असं घडतं: जादा हवेने आरपीएम चढतो. थ्रॉटल तर बंद आहे, म्हणजे गाडी उतारावर आहे, असं ईसीयू समजतो आणि पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, ईसीयू पेट्रोल परत देतो, आणि चक्र फिरत राहतं.

थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधले सगळे रबरी पाइप हाताने वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच उघडतात. ऑइलची डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण नीट बसलं आहे ना, तेही बघा. चालू इंजिनावर संशयाच्या सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी पाणी आत ओढलं जातं आणि आवाज बदलतो. पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाह्या लांब. काही मेकॅनिक पेट्रोलचा किंवा क्लीनरचा फवारा मारून गळती शोधतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, घरी करू नका. जुन्या, केबलच्या थ्रॉटलच्या गाडीत आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह वेगळा असतो, तो कार्बनने अडकला तरी हेच लक्षण दिसतं.

पाचशे ते दीड हजारांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर इथे खूप कामाचा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा आणि फोनवर वाचायचं. पी०३०० ते पी०३०४ मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), पी०१७१ मिश्रणात हवा जास्त, पी०१७२ पेट्रोल जास्त, पी०५०६ आयडलिंग कमी, पी०५०७ आयडलिंग जास्त. कोड म्हणजे बदलायच्या भागाचं नाव नव्हे, एवढं पक्कं धरा. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत, पण सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. त्यापेक्षा लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय तो आकडा. ते उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावं. आयडलिंगला +२० आणि २५०० आरपीएमवर +५ असेल तर हवेची गळती. उलट, आयडलिंगला ठीक आणि भारावर चढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांत गळती झाली तरी ट्रिम फारसं बिघडत नाही, नुसतं आयडलिंग चढतं. त्यामुळे ट्रिम चांगलं दिसलं म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढू नका.

क्लच, माउंटिंग, एएमटी

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरत निघते आणि एकदा सुटल्यावर छान चालते, तर क्लच प्लेट किंवा प्रेशर प्लेटवर संशय. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आरपीएम झरकन चढला आणि वेग वाढलाच नाही, तर क्लच घसरतो आहे. इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

पाय ठेवला-काढला की ‘धप्’ असा एकच ठोका येत असेल तर इंजिनाचं माउंटिंग बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, आत बसलेल्याने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायचा. तुम्ही बाजूला उभे राहून बघा, गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन थोडं कलणं ठीक, उडी मारल्यासारखं उचललं गेलं तर रबर फाटलंय.

एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या) गाडीत गिअर बदलताना हलकी डुलकी जाणवणं हा त्या यंत्रणेचा स्वभाव आहे, कारण आत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच मोटार किंवा हायड्रॉलिक यंत्रणा दाबते. पूर्वी नव्हता तेवढा झटका आता येत असेल तरच गॅरेजला न्या, आणि क्लच बदलण्याआधी स्कॅनरने क्लचचं लर्निंग (क्लच कुठे पकडतो हे गाडीच्या कॉम्प्युटरला पुन्हा शिकवणं) करून बघायला सांगा.

डिझेल

डिझेल इंजिनाला स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो, त्यामुळे बूस्टर गळला तरी रेसवर पेट्रोलसारखा परिणाम दिसत नाही. इथे क्रम वेगळा: आधी डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी, मग ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), मग टर्बोचे पाइप. १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान, हलक्या पायाने चालवताना गाडी अडखळत असेल तर ईजीआर. जोर दिल्यावर शिट्टीसारखा किंवा फुसका आवाज, काळा धूर आणि पिकअप गायब, असं असेल तर टर्बोचा पाइप फाटलाय.

गॅरेजमध्ये आणि त्यानंतर

नोंद दाखवा, काय काय तपासलं ते सांगा, आणि मेकॅनिकला सोबत बसवून झटका दाखवून मगच चावी द्या. तापलेल्या इंजिनावरच झटका येत असेल तर गाडी तापवून न्या. कुठला भाग कोणत्या तपासणीवरून बदलायचा ठरला, हे शांतपणे विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. काढलेले जुने भाग परत मागून घ्या.

काम झाल्यावर कोड पुसायला सांगा आणि ज्या चढावर, ज्या गिअरमध्ये झटका येत होता तिथेच गाडी न्या. बॅटरी काढली असेल तर ईसीयूने शिकलेलं बरंचसं पुसलं जातं, पहिले ४०-५० किलोमीटर आयडलिंग जरा वेगळं वाटू शकतं. चार-पाच दिवस नेहमीसारखी चालवून स्कॅनर पुन्हा लावा आणि पेंडिंग कोडचं (दोष नोंदला गेला, पण दिवा अजून पेटलेला नाही अशा कोडचं) पान उघडा. तिथे जुनाच कोड परत जमा झालेला दिसला, तर चेक लाइट पेटायची वाट न बघता गाडी त्याच बिलासह परत न्या.